अंगावरून वारे गेल्यासारखी लक्षणे दिसल्यास आधी काय आणि नंतर काय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहरातील व तालुक्यांतील नातेवाईक, आशा कार्यकर्त्या आणि लहान रुग्णालयांतील परिचारिका व डॉक्टर यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. पक्षाघाताचा संशय आला की करण्यासारखी कामे अनेक असतात. त्यांतील प्रत्येक काम योग्य असले तरी ते चुकीच्या क्रमाने झाले तर रुग्णाचा हात, पाय किंवा वाचा कायमची जाऊ शकते. म्हणून पुढील उत्तरांत उपचारांच्या यादीपेक्षा त्यांच्या क्रमावर अधिक भर आहे.

लकवा, अर्धांगवायू, पक्षाघात आणि स्ट्रोक हे वेगवेगळे आजार आहेत का?

नाही. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक बंद पडल्याने किंवा मेंदूतील रक्तवाहिनी फुटल्याने जे घडते, त्यालाच आपण ही सारी नावे देतो. गुठळीमुळे होणारा पक्षाघात अधिक आढळतो आणि रक्तस्रावामुळे होणारा तुलनेने कमी आढळतो. बाहेरून पाहून या दोहोंतील फरक खात्रीने सांगता येत नाही, आणि पुढचे जवळजवळ सर्व निर्णय या एका गोष्टीवर अवलंबून असतात.

लक्षणे ओळखायची कशी?

रुग्णाला हसायला किंवा दात दाखवायला सांगावे आणि तोंडाचा एक कोपरा खाली ओघळतो का ते पाहावे. दोन्ही हात समोर उचलून दहा सेकंद धरायला सांगावे आणि एक हात खाली येतो का ते पाहावे. त्यानंतर एखादे साधे वाक्य म्हणायला लावावे. या तिन्हींपैकी एक जरी खूण अचानक दिसली, तरी पक्षाघात आहे असे धरूनच पुढे जावे. अचानक तोल जाणे, एका वस्तूच्या दोन दिसणे, एका डोळ्याने किंवा एका बाजूचे दिसेनासे होणे आणि आयुष्यात कधी झाली नाही इतकी तीव्र डोकेदुखी याही खुणा आहेत. मेंदूच्या मागच्या भागातील पक्षाघातात काही वेळा हातपाय चांगले चालतात आणि केवळ चक्कर व उलटी दिसते, त्यामुळे पित्त झाले असेल असे समजून तो अनेकदा दुर्लक्षित राहतो.

प्रत्यक्षात ही लक्षणे फार लहान रूपात सुरू होतात. विडी वळत बसलेल्या बाईच्या डाव्या चिमटीतून तेंदूचे पान दोनदा निसटते, ती ते पुन्हा उचलते, तिसऱ्यांदाही ते निसटते आणि तेव्हा शेजारची बाई वर पाहते. भाकरी थापताना एक हात चालतो आणि दुसरा परातीच्या काठावर पडून राहतो. त्याच क्षणी घड्याळाकडे पाहायला हवे.

सोलापुरात बोलण्याची चाचणी घेताना एक काळजी विशेष घ्यावी लागते. येथे घराघरांत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलल्या जातात, आणि घाबरलेला माणूस आपल्या घरच्या भाषेतच उत्तर देतो. पूर्व भागातील एक वृद्ध विडी कामगार महिला मराठीत विचारलेल्या प्रश्नांना गप्प राहिल्या, म्हणून त्यांची वाचा गेल्याची नोंद होणारच होती. तेवढ्यात वॉर्डातील मावशींनी तेलुगूत नाव विचारले, तेव्हा त्यांनी नाव, नवऱ्याचे नाव आणि घराचा पत्ता स्पष्ट सांगितला. याच्या उलटही घडते: रुग्णाला शब्द सुचत नसतात आणि सोबतची मंडळी त्याच्या वतीने उत्तरे देत राहतात, त्यामुळे वाचादोष लक्षात येत नाही. चाचणी रुग्णाच्या मातृभाषेत घ्यावी आणि त्या वेळी नातेवाइकांना शांत राहण्याची विनंती करावी.

घरी पहिल्या पाच मिनिटांत काय करावे?

सर्वांत आधी श्वास. रुग्ण बेशुद्ध असेल किंवा घशात घरघर होत असेल, तर त्याला एका कुशीवर वळवावे, म्हणजे जीभ मागे पडत नाही आणि लाळ किंवा उलटी फुप्फुसात जात नाही. कवळी असेल तर काढावी. आपल्याकडे गालात तंबाखूची चिमूट, मावा किंवा मिसरी असण्याची शक्यता मोठी असते, त्यामुळे तोंड उघडून पाहावे आणि दिसत असेल तेवढेच बाहेर काढावे. न दिसणाऱ्या घशात आंधळेपणाने बोटे घालू नयेत. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी.

श्वास व्यवस्थित असेल तर लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा आणि ‘पक्षाघाताचा संशय आहे’ हे शब्द स्पष्ट सांगावेत. ‘चक्कर आली आहे’ असे सांगू नये. रुग्ण मधुमेही असेल आणि घरात ग्लुकोमीटर असेल, तर रुग्णवाहिका येईपर्यंत साखर तपासून कागदावर लिहून ठेवावी. रोजच्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत भरावीत आणि घटना डोळ्यांनी पाहिलेल्या व्यक्तीला सोबत घ्यावे.

घरी काय करू नये?

पाणी, चहा, लिंबू-सरबत यांपैकी काहीही पाजू नये, कारण गिळण्याचे स्नायू दुबळे झालेले असू शकतात आणि पाजलेला घोट थेट श्वासनलिकेत जाऊ शकतो. ॲस्पिरिनची गोळी देऊ नये. हृदयविकाराच्या झटक्यात ती दिली जाते हे अनेकांना ठाऊक असल्याने हा प्रश्न नेहमी येतो, परंतु मेंदूत रक्तस्राव झालेला असेल तर तीच गोळी घातक ठरते, म्हणून सीटी स्कॅन होईपर्यंत तिची जागा पाकिटातच आहे. रक्तदाबाची जादा गोळीही देऊ नये. बोटांना सुई टोचून रक्त काढण्याचा जो संदेश मोबाइलवर फिरतो, त्याला कोणताही आधार नाही.

कबुतराचे रक्त चोळणे, कांदा हुंगवणे किंवा वाऱ्याचे औषध देणाऱ्या गावी गाडी काढणे, हे सारे माणसे जिवाच्या काळजीपोटी करतात. त्यांच्या त्या काळजीला दोष देण्याचा माझा हेतू नाही. मात्र या धावपळीत जे दोन-तीन तास जातात, ते रुग्णाला नंतर कोणीही परत देऊ शकत नाही.

‘शेवटचे ठणठणीत केव्हा पाहिले’ हा प्रश्न डॉक्टर इतक्यांदा का विचारतात?

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि हे तास नातेवाइकांना लक्षणे दिसल्यापासून मोजत नाहीत. रुग्ण शेवटचा पूर्णपणे बरा होता, त्या क्षणापासून ते मोजले जातात. आजोबा रात्री दहाला गप्पा मारून झोपले आणि सकाळी सहाला उठताना हात हलेना, तर घड्याळ रात्री दहापासूनच धरावे लागते. ते पहाटे चारला लघवीला उठले होते आणि सुनेशी नीट बोलले होते, हे कोणाला आठवले, तर तेच घड्याळ चारपासून सुरू होते आणि उपचाराचे दार उघडे राहते. म्हणून ‘सकाळी झाले’ एवढ्या उत्तरावर थांबू नये. दूधवाला केव्हा आला, मोबाइलवर शेवटचा फोन कितीला झाला, नळाला पाणी आले तेव्हा रुग्ण बाई भांडी भरत होत्या का, असे प्रश्न विचारून वेळ पक्की करावी. वेळ खरोखरच कळली नाही तरी रुग्णाला घरी ठेवू नये, कारण एमआरआय किंवा विशेष सीटी तपासणीवरून काही रुग्णांत त्यानंतरही उपचार करता येतात.

मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली असेल तर उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला सरासरी सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात.

जवळच्या दवाखान्यात न्यावे की थेट मोठ्या रुग्णालयात?

अंतर आणि श्वास या दोन गोष्टींवर हे ठरते. श्वासाला धोका असेल तर जवळात जवळ जेथे डॉक्टर आहे तेथे आधी थांबावे. श्वास व नाडी ठीक असेल तर ज्या रुग्णालयात या क्षणी सीटी स्कॅन सुरू आहे आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले जाते, तेथेच थेट जावे. सिव्हिल असो वा खासगी रुग्णालय, फोनवर हेच दोन प्रश्न विचारावेत: सीटी आता होईल का, आणि इंजेक्शन आहे का. बार्शी किंवा पंढरपूरहून सोलापूर सुमारे सत्तर किलोमीटर आहे, तर करमाळा व माळशिरसकडील गावांना त्याहून बरेच अधिक अंतर पडते. एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात असा प्रवास झाला, तर साडेचार तास रस्त्यावरच संपतात. ओळखीचे डॉक्टर जवळ आहेत म्हणून आधी त्यांना दाखवून येऊ, हा विचार स्वाभाविक असला तरी येथे तो महागात पडतो. त्या डॉक्टरांना फोन करावा आणि गाडी पुढेच न्यावी.

१०८ ही रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिच्यात डॉक्टर व प्राणवायू असतो. रुग्णवाहिका यायला फार वेळ लागणार असेल, तर चारचाकीत मागच्या आसनावर रुग्णाला कुशीवर निजवून न्यावे. बेशुद्ध किंवा तोल गेलेल्या रुग्णाला दोघांच्या मध्ये दुचाकीवर बसवून आणू नये.

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा लहान रुग्णालयात काय करावे आणि काय टाळावे?

श्वासमार्ग, श्वास, नाडी व रक्तदाब पाहून झाल्याबरोबर बोटातून साखर तपासावी. पक्षाघाताची हुबेहूब नक्कल करणारी आणि दोन मिनिटांत बरी होऊ शकणारी स्थिती म्हणजे साखर कमी होणे. साखर ६० च्या खाली असेल तर शिरेतून डेक्स्ट्रोज (साखरेचे द्रावण) द्यावे आणि रुग्णाची पुन्हा तपासणी करावी. अनेकदा लुळा पडलेला हात डोळ्यांदेखत वर येतो. साखर कमी नसेल तर डेक्स्ट्रोजचे सलाइन लावू नये, कारण वाढलेली साखर इजा झालेल्या मेंदूला अधिक हानी करते. सलाइनची गरज असेल तर नॉर्मल सलाइन वापरावे आणि सुई चांगल्या हाताला लावावी. रक्तातील प्राणवायू ९४ टक्क्यांहून कमी असेल तरच प्राणवायू द्यावा.

स्नायूंत इंजेक्शन देणे शक्यतो टाळावे, कारण पुढे गुठळी विरघळवणारे औषध दिल्यास त्या जागी रक्त साकळते. रक्ताच्या अहवालांसाठी रुग्णाला थांबवून ठेवू नये. पुढच्या रुग्णालयाला फोन करून वय, शेवटची ठणठणीत वेळ, साखर, रक्तदाब आणि रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे का, एवढे पाच तपशील कळवावेत. या एका फोनमुळे तेथे सीटीचे टेबल आधीच मोकळे ठेवता येते, आणि म्हणून मी त्याला औषधाइतकेच महत्त्व देतो.

कॅज्युअल्टीत गर्दी असताना कोणाला आधी पाहावे?

हा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण पक्षाघाताचा रुग्ण बहुधा शांत असतो. महामार्गावरील अपघातात जखमी झालेला तरुण रक्ताने माखलेला असतो, त्याच्यासोबत वीस माणसे असतात आणि सर्वांचे लक्ष तिकडे जाते. त्याच वेळी बाकावर भिंतीला टेकून बसलेल्या साठीच्या गृहस्थांना दुखत नसते, ते तक्रार करत नाहीत, किंबहुना वाचा गेल्याने करूही शकत नाहीत. मेंदूच्या उजव्या बाजूच्या पक्षाघातात तर आपला डावा हात हलत नाही, हेच अनेकांना जाणवत नाही. त्यांना विचारले तर ते ‘मी ठीक आहे’ असे सांगतात. म्हणून अग्रक्रम आवाजावरून किंवा रक्तावरून ठरवू नये.

बेशुद्ध, घरघरणारा, झटके येणारा किंवा श्वास अनियमित असलेला रुग्ण क्षणाचाही विलंब न करता पुनरुज्जीवनाच्या खाटेवर घ्यावा. शुद्धीचे मोजमाप (ग्लासगो कोमा स्केलवरील गुण) आठ किंवा त्याहून कमी असेल तर श्वासनलिकेत नळी घालण्याची तयारी ठेवावी. त्यानंतर लगेच ज्यांची लक्षणे उपचाराच्या वेळेत आहेत असे रुग्ण येतात, मग ते चालत आले असले आणि बाहेरून बरे दिसत असले तरीही. ज्यांची साडेचार तासांची वेळ टळली आहे त्यांनाही रांगेच्या शेवटी पाठवू नये. लक्षणे चढउतार दाखवत असतील तर वरचा अग्रक्रम द्यावा, कारण असा रुग्ण पुढच्या तासाभरात अधिक बिघडू शकतो. दारातून आत आल्यापासून सुमारे वीस-पंचवीस मिनिटांत सीटी आणि साठ मिनिटांच्या आत इंजेक्शन, हे जगभर मानलेले उद्दिष्ट आहे. लघवीची नळी, नाकातील नळी, छातीचा एक्स-रे व खाट मिळवणे ही कामे त्यानंतरची आहेत.

रक्तदाब २०० आहे आणि डॉक्टर तो कमी करत नाहीत, हे निष्काळजीपणाचे नाही का?

नाही. गुठळीच्या पक्षाघातात मेंदूचा काही भाग अर्धपोटी रक्तावर तग धरून असतो आणि वाढलेला दाब त्याला तेवढे रक्त पोहोचवत असतो. दाब एकदम पाडला तर तो भागही मरतो. म्हणूनच जिभेखाली निफेडिपिन हे दाब झपाट्याने उतरवणारे औषध देण्याची जुनी पद्धत बंद व्हायला हवी. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे असेल तर दाब १८५/११० च्या खाली आणावा लागतो आणि नंतर चोवीस तास १८०/१०५ च्या खाली ठेवावा लागतो. ते द्यायचे नसेल आणि दुसरे काही तातडीचे कारण नसेल, तर साधारणपणे २२०/१२० पर्यंतचा दाब सुरुवातीला चालू दिला जातो. रक्तस्राव असेल तर मात्र गणित उलटते आणि वरचा दाब १४० च्या आसपास आणण्याचा प्रयत्न लवकर सुरू होतो.

सीटी स्कॅन नॉर्मल आला, म्हणजे पक्षाघात नाही ना?

या गैरसमजामुळे अनेक रुग्ण घरी परत जातात, म्हणून याचे उत्तर नीट वाचावे. पहिल्या काही तासांत गुठळीचा पक्षाघात साध्या सीटीवर बहुधा दिसत नाही. ताजा रक्तस्राव मात्र पांढरा डाग म्हणून लगेच दिसतो. पहिल्या सीटीचे काम रक्तस्राव नाही हे दाखवणे आहे. चेहरा वाकडा, हात लुळा आणि सीटी स्वच्छ, असे चित्र असेल तर उपचाराला ती सर्वांत अनुकूल वेळ आहे असे समजावे आणि ‘रिपोर्ट चांगला आला’ म्हणून घरी जाऊ नये.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन धोक्याचे असते का?

धोका आहे आणि तो लपवू नये. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत हे औषध मिळालेल्या शंभर रुग्णांपैकी सुमारे सहा जणांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला, तरीही तीन महिन्यांनंतर जवळजवळ पूर्ण बरे असलेल्या रुग्णांचे प्रमाण औषध मिळालेल्या गटात किमान तीस टक्क्यांनी अधिक होते. अल्टेप्लेझ या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची मात्रा दर किलो वजनामागे ०.९ मिलिग्रॅम आणि जास्तीत जास्त ९० मिलिग्रॅम असते. दहावा हिस्सा एका मिनिटात आणि उरलेले तासाभरात देतात. त्याच प्रकारचे टेनेक्टेप्लेझ हे औषध एकाच झटक्यात देता येते. वजन अंदाजे धरल्यास मात्रा चुकते, म्हणून नातेवाइकांना अलीकडचे वजन ठाऊक असेल तर ते सांगावे. नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, डोक्याला मार लागला असेल, पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, तर ते न विचारताही आधीच सांगावे. इंजेक्शनपूर्वी साखरेचा आकडा अनिवार्य आहे. इतर अहवालांची वाट रक्त गोठण्यात दोष असल्याचा संशय असेल तरच पाहतात.

मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर मांडीतून किंवा मनगटातून तार नेऊन गुठळी बाहेर काढण्याचा उपचार सहा तासांत, आणि निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत करता येतो. त्यासाठी दुसरीकडे हलवायचे ठरले, तरी पात्र रुग्णाला आधी इंजेक्शन द्यावे आणि मगच गाडी निघावी.

दहा मिनिटांत सारे पूर्ववत झाले. आता जायची गरज आहे का?

आहे, आणि त्याच दिवशी. अशा तात्पुरत्या झटक्यानंतर मोठा पक्षाघात होण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो.

उन्हाळ्यात उष्माघात आणि पक्षाघात यांतील गोंधळ कसा टाळावा?

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा चाळिशीच्या पुढे असतो, आणि इंग्रजीत दोन्ही आजारांच्या नावात स्ट्रोक हा शब्द असल्याने घाईत निरोप चुकतो. थर्मामीटर लावावा. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअस किंवा अधिक असेल आणि रुग्ण बरळत असेल, तर अंगावर पाणी व वारा घालून आधी तापमान उतरवावे. मात्र केवळ एका बाजूची कमजोरी उन्हामुळे झाली असे मानू नये. अंगातील पाणी कमी झाल्याने रक्त घट्ट होते, आणि बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत तर मेंदूच्या शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका आधीच वाढलेला असतो. म्हणून बाळंतिणीला सतत वाढणारी डोकेदुखी, झटके किंवा हातापायात कमजोरी आली, तर तिचे वय तरुण आहे या कारणाने थांबू नये. आपल्याकडे बाळंतिणीला पाणी कमी देण्याची रीत अजून काही घरांत आहे. ती सोडून द्यावी अशी माझी मनापासून विनंती आहे.

कागदपत्रे व पैशांची सोय झाल्याशिवाय निघता येत नाही, मग काय करावे?

रुग्णासोबत दोघांनी निघावे आणि मागे राहिलेल्यांनी शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन यावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेशी संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. तेथील चौकशी एक नातेवाईक करत असताना रुग्ण सीटीच्या टेबलावर असायला हवा.

मग पाणी केव्हा पाजायचे?

हा प्रश्न नातेवाईक संकोचाने विचारतात, कारण तहानलेल्या माणसाला तासन्‌तास कोरडे ठेवणे त्यांना सहन होत नाही. गिळण्याची चाचणी झाल्यावर पाजायचे. रुग्ण पूर्ण जागा असताना त्याला ताठ बसवतात आणि परिचारिका आधी एक चमचा पाणी देते. घशाची हालचाल झाली का, ठसका लागला का, ओठांच्या कोपऱ्यातून पाणी ओघळले का, हे ती पाहते आणि मग त्याला स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारायला सांगते. आवाज ओला, घोगरा आला तर तेथेच थांबतात, औषधे व अन्न नळीवाटे सुरू करतात आणि दुसऱ्या दिवशी चाचणी पुन्हा घेतात. आवाज स्वच्छ आला तर दुसरा चमचा, मग तिसरा, आणि मग अर्धा पेला.